इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चमधलं जुनं दगडी बाप्तिस्मा कुंड कसं बघायचं

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या जुन्या चर्चमध्ये बहुतेक वेळा दक्षिणेच्या दाराने आत जातात आणि आत गेल्यागेल्या सगळे उजवीकडे वळतात, कारण वेदी तिकडे, मोठी खिडकी तिकडे, रंगीत काचा तिकडे. तुम्ही डावीकडे वळा. पश्चिमेच्या बाजूला, दाराच्या जवळपास, एक-दोन पायऱ्यांवर एक दगडी कुंड उभं असेल आणि त्यावर लाकडी झाकण असेल, तेच आपलं बाप्तिस्मा कुंड. इंग्रजीत त्याला फॉन्ट म्हणतात, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ झरा. ते दाराजवळ असतं कारण बाप्तिस्मा म्हणजे माणसाचा चर्चमधला प्रवेश, आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमात आजही असंच आहे की कुंड शक्यतो मुख्य दाराजवळ असावं.

पुष्कळदा अख्ख्या इमारतीतली सगळ्यात जुनी वस्तू हीच असते. भिंती पाडून परत बांधल्या, छप्पर बदललं, खिडक्या मोठ्या केल्या, मनोरा नवा आला, पण कुंड तेच ठेवलं, कारण आपले आईबाप आणि त्यांचे आईबाप ज्या पाण्यातून निघाले ते कुंड फेकायला कोणाचं मन होत नव्हतं. म्हणून पंधराव्या शतकातल्या चर्चमध्ये बाराव्या शतकातलं कुंड दिसलं तर गोंधळू नका, हे नेहमीचंच आहे.

आता बघायचं कसं. माझी पद्धत थोडी उलटी आहे, मी कोरीवकामाकडे शेवटी बघते. सुरुवात काठापासून करते. कोरीवकाम म्हणजे पाथरवटाने एकदा काय केलं ते, आणि काठ म्हणजे नंतरच्या आठशे वर्षांत लोकांनी त्या कुंडाचं काय केलं ते.

झाकण स्वतःहून उचलू नका. ओकचं झाकण दिसतं त्यापेक्षा बरंच जड असतं, आणि हातातून सटकून काठावर आपटलं की इतकी शतकं टिकलेला दगड एका क्षणात उडतो. आत कोणी असेल, फुलं लावणारं किंवा झाडलोट करणारं, त्यांना विचारा, चर्चवॉर्डनचा, म्हणजे चर्चची देखभाल बघणाऱ्या गावातल्या माणसाचा, फोन नंबर सहसा पोर्चमधल्या बोर्डावर असतो. मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही, उलट लोक खुश होतात की कोणीतरी कुंडासाठी म्हणून आलंय. नॉरफोकमधल्या एका छोट्या चर्चमध्ये एक आजी पितळेच्या मेणबत्तीदाण्या पुसत बसल्या होत्या, त्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि आम्ही दोघींनी मिळून झाकण उचलून जमिनीवर ठेवलं, आणि मग त्यांनीच माझं बोट धरून काठावरची एक जागा दाखवली. तिथे दगडाचा एक तुकडा मूळ दगडापेक्षा फिका होता, ठिगळ लावल्यासारखा. बरोबर समोरच्या बाजूला ठिगळ नव्हतं, नुसता खड्डा होता, आणि खड्ड्याच्या तळाशी करड्या शिशात रुतलेला गंजक्या लोखंडाचा नखाएवढा तुकडा. कोयंडा होता तो. कुंडाला कुलूप लावायचे त्याचा कोयंडा.

हे कुलूप का, तर बाप्तिस्म्याचं पाणी ईस्टर आणि पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) यांच्या आदल्या दिवशी मंत्रून ठेवायचे आणि ते कुंडातच असायचं, आणि त्या पाण्यात औषधी आणि जादूची ताकद आहे असं लोक मानायचे त्यामुळे ते चोरीला जायचं. सन १२३६ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी फर्मान काढलं की कुंडं जादूटोण्याच्या भीतीने झाकून कुलूपबंद ठेवावीत. मग लाकडी झाकणावरून लोखंडी पट्टी आडवी टाकायची आणि दोन्ही टोकं काठातल्या कोयंड्यांना अडकवायची. कोयंडा बसवायला दगडात भोक पाडून त्यात वितळलेलं शिसं ओतायचे. पुढे लोखंड गंजलं की फुगतं आणि आजूबाजूचा दगड फोडतं, किंवा नंतर कोणीतरी कोयंडा उपटून काढताना काठाचा लचका निघतो. म्हणून लक्षात ठेवा, काठावर कुठेही एखादा टवका उडालेला असेल तर तो अपघात असू शकतो, पण समोरासमोर दोन जागी तुटलंय किंवा समोरासमोर दोन ठिगळं आहेत तर ते कुलूप आहे. ही एक खूण ओळखायला शिकलात तरी प्रत्येक चर्चमध्ये काहीतरी हाती लागेल.

काठ झाला की आत बघा. आत सहसा शिशाचा पत्रा असतो, कारण पाणी आठवडेच्या आठवडे राहायचं आणि चुनखडीचा दगड पाणी पितो. पत्रा काठावर वळवून ठोकलेला असतो, तिथे ठोकल्याच्या खुणा हलक्या लाटांसारख्या दिसतात. तळाला मध्यभागी भोक असतं, पाणी तिथून खांबातून खाली जमिनीत जातं, म्हणजे मंत्रलेलं पाणी कोणाच्या पायाखाली किंवा गटारात जाऊ नये. आणि आकार बघा, हात न लावता हवेतच वितीने मोजा. जुन्या कुंडात तान्हं बाळ सहज मावेल इतकी जागा असते कारण बाळाला खरंच पाण्यात बुडवायचे, १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकातसुद्धा तीनदा बुडवायचं असंच लिहिलंय, बाळ अशक्त असेल तर नुसतं पाणी ओतलं तरी चालेल असं. आज कपाळावर पाणी टाकतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ह्या मोठ्या कुंडाच्या आत एक छोटा वाडगा ठेवलेला दिसेल, तो आजच्या वापराचा, त्याला हलवू नका.

आता दोन पावलं मागे या आणि आकार बघा, ढोबळ काळ त्यावरून कळतो. ढोबळच, कारण गावोगावचे पाथरवट आपापल्या सवयीने काम करायचे. उखळासारखं किंवा पिंपासारखं गोल, जाड, सरळ जमिनीवर बसलेलं असेल तर बहुतेक नॉर्मन, म्हणजे फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन लोकांच्या काळातलं, साधारण अकराव्या शतकाच्या शेवटापासून बाराव्या शतकापर्यंत. चौकोनी, टेबलासारखं, मधे एक जाड खांब आणि चार कोपऱ्यांना चार बारीक खांब, आणि बाजूंवर उथळ कमानींची रांग, तर बाराव्या शतकाचा शेवट ते तेरावं शतक, आणि दगड बहुतेक डॉर्सेटमधला पर्बेक. पर्बेकला मार्बल म्हणतात पण तो खरा संगमरवर नाही, पॉलिश घेणारा चुनखडीच आहे, आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे बारीक बारीक शंख गच्च भरलेले असतात. टॉर्च जवळ धरून बघा, शंखांची वळणं कापल्यासारखी दिसतात, एकदा दिसली की पर्बेक परत कधी चुकत नाही. आठ कोनी कुंड असेल, खांबही आठ कोनी, बाजूंवर चौकटी आणि चौकटीत फुलं, ढाली, देवदूत, तर चौदावं-पंधरावं शतक धरा. आठ हा आकडा उगाच नाही, ख्रिस्त उठला तो रविवार सात दिवसांनंतरचा आठवा दिवस, नव्या आयुष्याचा पहिला दिवस, म्हणून बाप्तिस्म्याला आठ.

मग प्रदेशाप्रदेशाच्या सवयी आहेत, आणि खरी मजा तिथेच आहे. बकिंगहॅमशायरमध्ये एल्सबरीच्या आसपास बाराव्या शतकाच्या शेवटची एक जात आहे, पेल्यासारखा वाडगा आणि त्यावर उभ्या पन्हळी. कॉर्नवॉलमध्ये बॉडमिनच्या कुंडासारखी, चार कोपऱ्यांच्या खांबांवर चार डोकी असलेली. हॅम्पशायरमध्ये चार कुंडं काळपट निळ्या दगडाची आहेत, विंचेस्टर कॅथेड्रल, ईस्ट मिऑन, सेंट मेरी बोर्न आणि साउदॅम्प्टनचं सेंट मायकल, हा दगड आजच्या बेल्जियममधल्या टूर्ने गावचा, बाराव्या शतकात बोटीने समुद्र ओलांडून आलेला, विंचेस्टरच्या कुंडावर संत निकोलसचे चमत्कार कोरलेत. हेरफर्डशायरमध्ये अर्डस्लीला गेलात तर साधारण ११५० च्या कुंडावर दोन माणसं लढताना दिसतील, एकाच्या हातात भाला, एकाच्या हातात तलवार, आणि दोघेही जाड दोरखंडासारख्या वेलीत गुंतलेले, त्यांच्या चड्ड्यांवरच्या चुण्यासुद्धा मोजता येतात. त्याच जिल्ह्यात कासल फ्रोमला येशूच्या बाप्तिस्म्याचं चित्र आहे, येशू पाण्यात उभा आणि पाण्यात मासे, आणि अख्खं कुंड खाली दबून बसलेल्या माणसांच्या पाठीवर. वेळ कमी असेल आणि एकच भाग निवडायचा असेल तर मी ही दोन सुचवीन, एका दिवसात होतात.

कंब्रियामध्ये ब्राइडकर्कचं कुंड वेगळ्याच कारणासाठी बघायचं. त्यावर बहुतेक अक्षरं रून ह्या उत्तर युरोपातल्या प्राचीन लिपीतली पण भाषा मध्ययुगीन इंग्रजी, आणि मजकुराचा अर्थ असा की रिकार्थने मला घडवलं आणि ह्या देखणेपणाला आणलं. शेजारी छिन्नी-हातोडा घेतलेला एक माणूस कोरलाय, तोच रिकार्थ असणार असं मानतात. बाराव्या शतकातल्या पाथरवटाचं नाव कळणं हीच केवढी मोठी गोष्ट, आणि ते नाव कुंडाच्या तोंडून आलंय, मला घडवलं असं, हे वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो.

नॉरफोकमधल्या बर्नहॅम डीपडेलच्या चौकोनी नॉर्मन कुंडावर बारा महिन्यांची बारा कामं आहेत, शिंगातून पिणारा, पाय शेकणारा, खणणारा, पेंढ्या बांधणारा, डुकराला मारणारा, शेवटी पंगतीला बसलेले. हे वाचायला एक युक्ती, आधी सगळ्यात ओळखीचं काम शोधा, पेंढी किंवा डुक्कर, आणि तिथून पुढे-मागे महिने मोजत जा.

हीच युक्ती सात संस्कारांच्या कुंडांना लागू पडते आणि ती कुंडं नीट बघायची तर थोडी तयारी लागते म्हणून सविस्तर लिहिते. पंधराव्या शतकात नॉरफोक आणि सफोकमध्ये ही करायची पद्धत पडली, आठ बाजूंपैकी सात बाजूंवर चर्चचे सात संस्कार आणि आठवीवर येशूचा बाप्तिस्मा किंवा क्रूस किंवा दुसरं काही. साधारण चाळीस उरलीत, जवळजवळ सगळी ह्या दोन परगण्यांत. बहुतेकांची तोंडं फोडलेली आहेत, त्यामुळे चेहऱ्यांवरून काही कळणार नाही, वस्तूंवरून ओळखा. पलंग शोधा आधी. पलंगावर आडवा माणूस आणि वाकलेला पाद्री म्हणजे मरणाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार, हा कधीच चुकत नाही. मग कुंडावर कोरलेलं छोटं कुंड शोधा, पाद्रीच्या हातात उघडं बाळ, तो बाप्तिस्मा. पाद्री पाठमोरा आणि हात वर, तर मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाची उपासना. मधे पाद्री आणि दोन बाजूंना दोघांचे हात एकमेकांत, तर लग्न. टोकदार टोपीचा बिशप दोन ठिकाणी येतो, लहान मुलं कडेवर असतील तर दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करण्याचा संस्कार), गुडघे टेकलेला मोठा माणूस असेल तर गुरुदीक्षा (पाद्री होण्याचा संस्कार). उरलं ते पापांची कबुली, बसलेला पाद्री आणि गुडघे टेकलेला माणूस. ही कुंडं इथेच आणि तेव्हाच का, तर त्या काळात लोलार्ड, म्हणजे चर्चच्या शिकवणीला विरोध करणाऱ्या एका पंथाचे लोक, ह्या संस्कारांवरच शंका घेत होते, १४२८ ते १४३१ मध्ये नॉरिचला त्यांच्यावर खटले चालले, त्यांना दिलेलं हे दगडातलं उत्तर असावं असं काही अभ्यासकांचं मत आहे आणि मला ते पटतं. स्लोलीचं कुंड बघा, चांगलं शाबूत आहे, आणि वेस्टहॉलला अजून रंग टिकून आहे, त्यावरून कळतं की ही सगळी कुंडं एके काळी रंगवलेली होती, हा उघडा करडा दगड आपण बघतो तो उरलेला सांगाडा आहे.

तोंडं कोणी फोडली हे विचारलं जातं. काही सोळाव्या शतकात गेली, काही सतराव्यात. १६४४ मध्ये पार्लमेंटने मूर्ती वगैरे काढायचा हुकूम काढला त्यात जुनी कुंडंही वापरायची नाहीत असं आलं, मग बाप्तिस्मा साध्या भांड्यात व्हायला लागला आणि कुंडं बाहेर गेली, शेतावर, अंगणात, गुरांची डोणी म्हणून. १६६० मध्ये राजेशाही परत आली तेव्हा काही परत आणली, जिथे सापडली नाहीत तिथे नवी साधी केली, म्हणून कुंडावर १६६० च्या दशकातलं साल कोरलेलं दिसलं तर त्यामागे हीच गोष्ट असते. ग्लॉस्टरशायरमध्ये डीअरहर्स्टचं सर्पिल नक्षीचं कुंड तर नॉर्मनांच्याही आधीचं, त्याचा वाडगा एकीकडे सापडला आणि खांब दुसरीकडे, एकोणिसाव्या शतकात दोन्ही परत एकत्र आले. कुंड बाहेर पावसात राहिलं असेल तर एक बाजू जास्त झिजलेली असते, आणि डोणी झालेल्या कुंडाला कधीकधी बाजूला नंतर पाडलेलं भोक असतं.

फसायच्या जागा तीन. पहिली, वाडगा जुना आणि खांब नवा, हे फार कॉमन आहे, सांध्यापाशी दगडाचा रंग आणि दाणा बदलतो का बघा. दुसरी, एकोणिसाव्या शतकात जुनं कोरीवकाम परत छिन्नी मारून ताजं केलेलं. नॉर्मन काम कुऱ्हाडीसारख्या हत्याराने केलेलं असतं, घाव तिरपे, कमीजास्त, हाताचा जोर कळतो, आणि नंतरच्या कामात बारीक रेषा एकसारख्या ओळीत आणि कडा सुरीसारख्या धारदार. तिसरी जागा म्हणजे मुळात कुंड नसलेलंच कुंड. रॉक्सेटरला रोमन खांबाचा तळखडा पोखरून कुंड केलंय. डॉर्सेटमधल्या मेलबरी बबला एका जुन्या सॅक्सन, म्हणजे नॉर्मनांच्या आधीच्या, क्रूसाचा खांब उलटा करून पोखरलाय, त्यामुळे त्यावरची जनावरं पाय वर करून आहेत, तिथे मान वाकडी करून बघावं लागतं, फोटो घरी येऊन उलटा केला की सगळं एकदम कळतं.

टॉर्च न्या, फोनचा चालेल पण वेगळा छोटा असेल तर फार सोय होते. उजेड समोरून टाकायचा नाही, समोरून सगळं सपाट दिसतं. दगडाला जवळजवळ चिकटून, बाजूने, तिरपा टाका, एका हाताने टॉर्च हळूहळू सरकवा, मग पुसट झालेली बोटं, कपड्याच्या चुण्या, अक्षरं एकेक करून वर येतात. ह्याच उजेडात फोटो काढा, प्रत्येक बाजूचा डावीकडून एक आणि उजवीकडून एक, दोन्हींत वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. फ्लॅश बंद. अक्षरं दिसावीत म्हणून खडू घासणं, पाणी मारणं, कागद ठेवून पेन्सिल घासणं, हे काहीही करू नका, भुसभुशीत चुनखडीचा थर त्यात निघून येतो आणि तो परत येत नाही. फोटो काढताना बाजू मोजायची एक पद्धत ठरवून घ्या, मी पूर्वेकडची, म्हणजे वेदीकडची बाजू एक नंबर धरते आणि घड्याळाच्या काट्यासारखी फिरते, नाहीतर घरी आल्यावर आठ सारख्या फोटोंत कुठली बाजू कुठली हे काही केल्या कळत नाही.

झाकणाकडेही बघा, काही ठिकाणी तेच मोठं नवल आहे. सफोकमधल्या उफर्डचं पंधराव्या शतकातलं झाकण पाच मीटरहून उंच आहे, छतापाशी टोकाला पेलिकन पक्षी, आणि उघडताना खालचा भाग वरच्या भागावर सरकत जातो. १६४४ मध्ये मूर्ती फोडत फिरणारा विल्यम डाउझिंग ह्या चर्चमध्ये येऊन गेला आणि झाकण तरीही उभं आहे. त्याच्या खाली उभं राहून वर बघताना मी बराच वेळ गप्प होते.

निघताना डब्यात थोडे पाउंड टाका, आता बऱ्याच ठिकाणी कार्ड टॅप करायचं यंत्रही असतं, छप्पर आणि शिसं सांभाळायला गावातल्या मूठभर लोकांना ते लागतात. काही चुकीचं दिसलं, म्हणजे नवा तडा, ओल, शिसं उचकटलेलं, तर चर्चवॉर्डनला फोटोसकट कळवा, ते लोक रोज बघतात म्हणून त्यांच्या नजरेतून सुटतं. पण कुंड सरकवा किंवा स्वच्छ करा असा सल्ला देऊ नका, हलवायचं असलं तर डायोसिसकडून, म्हणजे त्या भागाच्या बिशपच्या कार्यक्षेत्राकडून, फॅकल्टी नावाची रीतसर परवानगी लागते. झाकण जसं होतं त्याच दिशेने परत ठेवा, बिजागरी किंवा खूण जुळवून. आणि पोर्चमध्ये जाळीचं दार असेल तर ते ओढून घ्या, पाकोळ्या आत अडकतात.